भाऊजींनी जोडलेली एक अट

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका सरळ माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं एखाद्या पोचलेल्या लबाडालाही जमलं नसतं. हे दोन्ही मी एका दमात सांगते, कारण भाऊजींविषयी नुसतं चांगलं बोलणं मला जमत नाही आणि नुसतं वाईट बोलायला जीभ रेटत नाही.

ताईला ऊर्जानगरच्या शाळेत नोकरी, त्यामुळे क्वार्टर ताईच्या नावावर, गॅस ताईच्या नावावर. भाऊजींच्या मालकीचा म्हणावा असा एक कॉम्प्युटर होता, आणि त्याच्यावर ताईनं भरतकाम केलेलं कव्हर होतं. चंद्रपुरात एका क्लासमध्ये ते प्रोग्रामिंग शिकवायचे. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट, तेव्हा गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते. पण भाऊजींचं खरं प्रेम एकाच गोष्टीवर. डेटाबेसला जो प्रश्न विचारतात, ज्याला ते लोक क्वेरी म्हणतात, ती बाकीचे लांबलचक एका ओळीत खरडून मोकळे होत. भाऊजींना त्याची किळस यायची. ते क्वेरी कडीकडीनं जोडायचे. आधी कुठल्या तक्त्यातून शोधायचं ती कडी, मग एक टिंब देऊन पहिली अट, पुन्हा टिंब, पुन्हा अट. सगळ्यात शेवटी 'आता आण' असं सांगणारी कडी. ती लागेपर्यंत मशीन ढिम्म बसून राहते म्हणे. मी मूल गावात राइस मिलच्या ऑफिसात टायपिंग करते, म्हणून मला त्यांनी मिलच्याच भाषेत समजावलं होतं. "पाह्य बाई, तुमच्या मिलमंधी धान एका चाळणीतून दुसरीत जाते ना? माह्या इथी आधी सगळ्या चाळण्या बसवाच्या, धान मंग सोडाचं. कोणती चाळणी कवा बी जोडता येते." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की ताईनं कधी तसा उजळवला असेल असं मला वाटत नाही.

क्लासमध्ये जे करायचे तेच बाजारात. वांगी द्या. भरताची द्या. त्यातली हिरवी. त्यातली बिनकिडीची. देठ ताजं असलेली. एवढं सगळं जोडून झालं की किती हवी ते सांगायचं विसरून भाऊजी पुढच्या गाड्यावर. मागून भाजीवाली ओरडायची, "भाऊ, सांगून तं लय राह्यले, घेऊन कवा राह्यले?" रागावतानासुद्धा तेच. ताईवर चिडले की कारणांना कारणं जोडत जायचे, आणि शेवटी चिडून काय करायचं होतं तेच त्यांच्या ध्यानातून जायचं. मग ताई पाणी आणून द्यायची आणि ते पिऊन घ्यायचे. आमचे बाबा जन्मभर तलावावर मासे धरणारे, त्यांना असलं बोलणं सोसायचं नाही. ते म्हणायचे, "जावई माणूस लय चांगला हाय. फकत त्याले नाई म्हनता येत नाई." बाबा थोडं बोलायचे, पण बोलायचे ते नेमकं.

तर एका वर्षी आमच्या समाजाचा वधूवर परिचय मेळावा मूलला भरला. भाऊजींनी स्वतःहून प्रोग्राम लिहून दिला, फुकट. मुलाकडच्यांनी यायचं, शिक्षण, वय, उंची काय हवं ते सांगायचं, भाऊजी कड्या जोडणार, पडद्यावर नावं येणार, आणि माइकवाला एकेका मुलीला स्टेजवर बोलावणार. सगळ्या मुलींची माहिती, अगदी रंगासकट, भाऊजींनी आधीच भरून ठेवली होती, माझी तर कौतुकानं भरली होती. मी तेव्हा तिशीला टेकलेली. बाबांचं दुखणं वाढलेलं. डोळे मिटायच्या आधी माझं कुठंतरी ठरावं एवढं एकच त्यांच्या मनात होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. ताईची मोतिया रंगाची साडी नेसून मी सकाळीच मंडपात जाऊन बसले.

पहिली आली ती कोरपन्याकडची एक बाई. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात. ती भाऊजींच्या टेबलावर कोपर टेकवून म्हणाली, "सून कशी बी चालन भाऊ. सावळी नको, बस."

आता भाऊजींच्या प्रोग्राममध्ये काय हवं ते सांगायची सोय होती, काय नको ते सांगायची नव्हती. दुसरा कोणी असता तर 'असं नाही होत बाई' म्हणून मोकळा झाला असता. भाऊजी म्हणाले, "थांबा, जोडून देतो." तिथल्या तिथं कोड उघडला आणि कडी जोडली. पण ती त्या बाईपुरती जोडायची सोडून घाईत त्यांनी मुळाशीच जोडली, जिथून प्रत्येकाची साखळी सुरू होत होती. बाकीच्या अटी प्रत्येक माणसामागे पुसल्या जायच्या. ही तशीच राहिली.

मंडपात नावं पुकारली जात होती. मुली जात होत्या, लाजत होत्या, आवड काय विचारलं की वाचन म्हणत होत्या. मी पदर सारखा करून तयार बसलेली. दुपार कलली तशी खुर्च्या रिकाम्या होत गेल्या, आणि शेजारची नागभीडची मुलगी माझ्या कानाशी हसून म्हणाली, "ताई, इथी उरल्या त्या सगळ्या आपल्याच रंगाच्या काऊन वं?"

मी उठून भाऊजींकडे गेले. समितीनं नुकताच त्यांचा सत्कार केला होता, शाल अजून खांद्यावर होती. मी म्हणाले, "भाऊजी, जरा पाहा ना, आमच्यातल्या एकीचं बी नाव नाई आलं." ते म्हणाले, "अवं प्रोग्राम बरोबर चालून राह्यला, कोणाची तक्रार नाई." तरी पाहिलं. पाहता पाहता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. शाल त्यांनी स्वतःच काढली आणि घडी न घालता टेबलाखाली टाकली.

ते अध्यक्षांकडे धावले. नावं पुन्हा पुकारू द्या, माझी चूक झाली, म्हणाले. अध्यक्ष हात धुऊन रुमालाला पुसत होते. म्हणाले, "आता काय करता भाऊ. लोकं गाड्याईत बसून राह्यले. ज्याईले पाह्यजे होतं त्याईले भेटलं. एक तरी माणूस बोलला का, सावळ्या पोरी कुठी गेल्या म्हणून?"

त्या वाक्यानं मला जी आग लावली ती अजून विझलेली नाही. मशीनचं एक वेळ समजू शकते. पण सकाळपासून शेकडो माणसं त्या मंडपात बसली होती. उन्हातान्हात तलावावर उभं राहून पिढ्यानपिढ्या करपलेली, माझ्या बाबांसारखी काळी. त्यांच्यातल्या एकालाही काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. चुकीचा प्रोग्राम त्यांना अगदी बरोबर वाटला.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. माझं ठरलं नाही ते नाहीच. भाऊजींनी पुन्हा कुठल्या मेळाव्याचं काम घेतलं नाही. दिवाळीला मी ऊर्जानगरला गेले की ताई फराळाचं करत असते, आणि भाऊजी व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन हळूच तेच म्हणतात, "बाई, त्या दिवशी तुहं नाव पुकारलं असतं ना, तं जमलंच असतं. माह्यामुळं राह्यलं."

जमलं नसतं. मी तो मंडप पाहिला आहे, मला माहीत आहे. सुरुवातीला हे त्यांना फाडकन सांगून टाकावं असं फार वाटायचं. आता सांगावंसं वाटत नाही. माझं नाव पुकारलं असतं तर कोणीतरी नक्की उठून उभं राहिलं असतं, असं मानणारा जगात तो एकच माणूस आहे.