‘माले येत नही’ म्हणणारी अक्का

वर्गात दीडशे पोरं, समोर शरीररचनेचे सर. त्यांनी प्रश्न विचारला की आमची अक्का सरळ उभी राहून सांगायची, "माले येत नही, सर." अहो, मान खाली घालून बसायची सोय असताना! आम्ही फिदीफिदी हसायचो. सर वैतागायचे, पण पुन्हा समजावून सांगायचे. मग उत्तर येत नसूनही गप्प बसलेले आम्ही सगळे गुपचूप लिहून घ्यायचो.

अक्का माझ्याच वयाची, धुळ्याच्या होस्टेलात माझी रूममेट. साक्रीकडच्या डोंगरातल्या गावची. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की तीन धाकट्या भावंडांचं घर ती चालवायची, म्हणून अक्का. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, गॅसची टाकी, सगळं चारचौघांना विचारून केलेलं. म्हणायची, "आमच्या घरात कोणालाच काही येत नव्हतं गं. विचारायला लाजले असते तर पोरं उपाशी राहिली असती."

आणि मी? जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांची एकुलती एक. बाबा जेवताना प्रश्न विचारायचे. उत्तर आलं नाही तर रागवायचे नाहीत, फक्त वाटीतली डाळ ढवळत गप्प बसायचे. त्या गप्प बसण्याची मला इतकी धास्ती, की काहीबाही ठोकून द्यायला मी तिसरीतच शिकले.

इंटर्नशिपमध्ये ते अंगाशी आलं. जुलाबानं सुकून गेलेलं आठ महिन्यांचं बाळ, आणि सलाईनची सुई लावायची मला. दोनदा हुकली. बाळाला धड रडताही येईना, तरी मी तिसऱ्यांदा सुई उचलली. नाही जमत, हे तोंडातून निघेल तर शपथ! पलीकडच्या खाटेजवळून अक्का आली आणि तिनं माझं मनगटच धरलं. "तुले येत नही ना? मग सांग ना, बाई!" बाळाच्या आईला म्हणाली, "ताई, हाई शिकी राहिनी. मी सिस्टरले बलावस." मी अजून शिकतेय, हे असं सरळ सांगून टाकलं! सिस्टरनी एका झटक्यात सुई लावली. मी जिन्यात जाऊन रडले, तर अक्का तिथंही आली, चिडलेली. "बाळाला पाणी हवं होतं, आणि तू तुझी अब्रू सांभाळत बसलीस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं बंधपत्राच्या सक्तीच्या सरकारी नोकरीत तिला चोपड्यापलीकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं आरोग्य केंद्र मिळालं. एसटीत चढताना तिचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "तिथं मी एकटीच डॉक्टर. विचारू कोणाला?"

"मला," मी बोलून गेले.

तीन आठवड्यांनी भर दुपारी तिचा फोन आला. मी सुट्टीला घरी आले होते, बाबा आणि मी जेवत होतो. "चार पोरांनी चंद्रज्योतीच्या विषारी बिया खाल्ल्यात. उलट्या थांबत नाहीत, धाकटं तर डोळे फिरवतंय. सलाईन लावलंय. ॲम्ब्युलन्सला तास लागेल. तोवर आणखी काय करू? माले येत नही गं!"

मी सवयीनं काहीतरी ठोकून देणारच होते. जीभ चावली. "मलाही येत नाही," म्हटलं आणि फोन स्पीकरवर टाकून बाबांसमोर ठेवला.

बाबा डाळ ढवळायला लागले. फोनमधून पोराच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता, कोणाची तरी आई हंबरडा फोडत होती, आणि हे गप्प! "बाबा, बोला ना!" जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

"मला येत नाही," बाबा म्हणाले. मग फोनवर वाकून पुन्हा, मोठ्यानं, "मी हाडांचा डॉक्टर, बेटा. मला हे येत नाही. पण फोन ठेवू नकोस." आणि उष्ट्या हातानंच त्यांनी दुसऱ्या फोनवरून आपल्या बालरोगतज्ज्ञ मित्राला गाठलं.

पलीकडं अक्कानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. "बरं झालं सर, सांगितलंत. मी थांबते."

मित्र सांगत गेले, बाबा मोठ्यानं म्हणत गेले, अक्का करत गेली. चारही पोरं तिसऱ्या दिवशी घरी गेली.

बाबा आता जेवताना प्रश्न विचारत नाहीत. अक्काचा फोन आला होता का, एवढंच विचारतात.