कॅमेऱ्याचा दसरा

दसऱ्याला मी चक्क कॅमेऱ्याची पूजा केली. तेव्हा मी जेमतेम साठीची पोर, अक्कल कुठून असणार? पौडच्या जुन्या बाजारपेठेचं नूतनीकरण चाललं होतं आणि चोऱ्या थांबाव्यात म्हणून दुकानांना कॅमेरे आणि गल्लीला दिवे बसवायला सरकारी अनुदान मिळत होतं. माझ्या बांगड्यांच्या दुकानावर नवा कॅमेरा लागला. गल्ला पुजला, कात्री पुजली, मग यानंच काय घोडं मारलं? त्याच्या भिंगालाही भरपूर हळदकुंकू लावलं, वरून झेंडूचा हार घातला.

दसरा उलटला आणि अनुदानाची पाहणी करणारे साहेब आले. हा माणूस नमस्काराआधी शटर ओढून बघायचा आणि बोलायला लागला की सुरुवात ठरलेली, "समजा, मी चोर हाय." समोरचा वाणी त्यांना चहा द्यायचा, तोही गल्ल्यावर हात ठेवून.

साहेबांनी मोबाइलवर माझ्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. सगळा पडदा पिवळा! कॅमेरा बंद ठरला, तर अख्ख्या गल्लीचे दिवे अडणार होते.

साहेबांनी चपला काढल्या, स्टुलावर चढून कॅमेऱ्याला हात जोडले, हार अलगद वायरवर सरकवला आणि स्वतःच्या रुमालानं भिंग पुसलं. पडद्यावर गल्ली उमटली आणि तीत तोंड वासून उभी असलेली मी.

"चालू हाय," म्हणून त्यांनी सही केली. निघताना पुन्हा शटर ओढून बघितलं आणि म्हणाले, "मावशी, समजा, मी चोर हाय. तुमी देवाचेच डोळे झाकले, तर दसरा तुमचा आन् दिवाळी माझी!"