मामाला मामा बनवलं

गयाबाईंनी एकदा मनात घेतलं की घेतलं. नागपूरला अंगणवाडीत त्यांची उभी हयात गेली. लोकांची मुकी-घुमी पोरं त्यांनी बोलती केली. आणि जर्मनीत येनाला मुलाकडे आल्या, तर सख्खी नात मराठीत अक्षर बोलेना! आता काय म्हणायचं याला?

नऊ वर्षांच्या क्षमाला समजायचं सगळं. ‘पाणी आण गं’ म्हटलं की पाणी हजर; पण तोंडातून निघणार ते जर्मनच.

“राहू द्या ना, आई,” सून रोहिणी म्हणाली. “दिवसभर शाळेत तेच कानावर पडतं.”

“राहू काहून द्या? परवा माझं विमान. मग काय फोनवर हिचं नुसतं तोंड पाहत बसू?”

हा घोर त्यांना खरंच लागला होता. नात असून नसल्यासारखीच व्हायची.

क्षमाचा एक जुना फ्रेंच सिनेमा भारी लाडका. चोरांचा, पण हसवणारा. घरी होता तो जर्मन आवाजातला. चोर पोलिसांचे कपडे घालून बँक लुटतात आणि खरा पोलिस त्यांनाच सलाम ठोकतो. पोरगी हसून गडाबडा लोळायची. शेजारी आजी ठार बहिऱ्यासारखी बसलेली.

त्या संध्याकाळी गयाबाईंनी सरळ रिमोट उचलून आवाज बंद केला.

“नाइन, ओमा!” क्षमा किंचाळली. नाइन म्हणजे नाही, ओमा म्हणजे आजी; एवढं जर्मन गयाबाईंनाही कळायचं.

“ओमा गेली उडत! आता मी सांगते, तू ऐक.”

आणि झाल्या सुरू. जाड्या चोराला घोगरा आवाज, लुकड्याला किनरा. “अबे, ढेरी आत घे, गुंडी लागून नाही राहिली!” क्षमा रुसली होती, तरी फिस्सकन हसली. पडद्यावर पोलिसानं सलाम ठोकला, तशी गयाबाईंनी टाळी वाजवली. “घ्या! मामाला मामा बनवलं!”

क्षमाच्या कपाळाला आठी. “वास? मामा?” तिचं ‘वास’ म्हणजे ‘काय’.

पोलिसाला आपल्याकडे मामा म्हणतात, अन् एखाद्याला फसवलं तर त्याला मामा बनवलं म्हणतात, हे तिला कुठून ठाऊक? ती आईला मामा म्हणत वाढलेली. इथली सगळीच पोरं म्हणतात.

“हो. तो मामाच आहे,” गयाबाई ठासून म्हणाल्या.

“नाइन!”

“नाइन-बिन चालणार नाही. भांडायचं तर मराठीत भांड.”

क्षमा लालबुंद झाली. तिनं पडद्याकडे बघितलं, किचनकडे बघितलं. “मामा... मामा किचनमध्ये आहे! भात करते! हा... हा मिशीवाला माणूस आहे!”

रोहिणी हातातल्या डावासकट दारात येऊन उभी राहिली. गयाबाईंचे डोळे भरून आले. वाटलं, पोरीला कवटाळावं, सगळं उलगडून सांगावं. पण छे! कळलं की गप्प बसेल पोट्टी. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला.

“मिशी असली म्हणून काय झालं? मामाच तो! नाही म्हणतेस, तर कसा नाही ते सांग.”

आणि क्षमा सोफ्यावर उभी राहून सांगू लागली.