दिवसा लावलेलं दार

आमच्या गावात दिवसा घराचं दार कोणी लावत नाही. लावलं, तर आत कोणी आजारी आहे नाहीतर भांडण झालंय, असं सगळे धरून चालतात. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी परीक्षेच्या दिवशी साफ विसरले.

पदवीची दोन वर्षं मी शहापूरच्या कॉलेजात बसून केली. मग लग्न होऊन मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला आले. तिसरं वर्ष बाळंतपणात कसंबसं दिलं आणि एक विषय राहिला. त्याचे क्रेडिट ऑनलाइन कोर्स करून मिळतील, असं कळलं. पास झाले, तर या महिनाअखेरीच्या आत बी.एड.चा फॉर्म भरता येणार होता.

कोर्स वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? भाकऱ्या थापताना व्हिडिओत शिकवणाऱ्या बाईंना हवं तितक्या वेळा मागे नेता यायचं. कॉलेजातल्या सरांना कुठलं मागे नेता येतंय! पण माझ्या डोक्यावरून गेलं, हे सरांना माझं तोंड बघून कळायचं. मग वैतागत का होईना, परत सांगायचे. ऑनलाइनच्या बाईंनी बारा आठवडे माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. परीक्षेला मात्र कॅमेरा डोळे वटारून बसला. एकटं बसा, दार लावा, बोलू नका, दुसरं तोंड दिसलं तर निकाल थांबेल. संताप आला मला.

सासूबाई बाळाला घेऊन ओट्यावर राखणीला बसल्या. दहा मिनिटांत बाहेर गलका.

"काय झाला गो? दार का लावलाय?" शेजारच्या काकींचा आवाज.

"सून परीक्षा देते."

"घरान? घरान कसली परीक्षा? खरा सांग, पोरीला बरा नाय का?"

सासूबाईंनी परत परत सांगितलं. काकींना पटेना. त्या मागच्या अंगाला गेल्या आणि खिडकीतून डोकं आत घातलं.

"बाय, बरी हायस ना गो?"

स्क्रीनवर लाल पट्टी आली. बोलायची सोय नव्हती. मी नुसती मान हलवली. काकी समाधानाने निघून गेल्या आणि पुढचे प्रश्न मी एक डोळा त्या लाल पट्टीवर ठेवून सोडवले.

निकाल थांबलाय. खिडकीतली व्यक्ती कोण आणि ती का आली, याचा खुलासा मागितलाय. शेजारीण, मी बरी आहे का ते बघायला आली, एवढंच लिहून पाठवलं. त्यांना ते खरं वाटेल का, कोण जाणे. महिना संपत आलाय. हातातलं काम टाकून मी सारखी फोन बघते, तव्यावरची भाकरी करपते, बाळावर उगाच ओरडते.

काकी रोज सकाळी येतात. "पास झालीस का गो?"

"अजून कळला नाय, काकी."

"मेले उशीर का करतात एवढा?"

निकाल त्यांच्याच तोंडापायी अडकलाय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं, तर त्या पुन्हा कधी माझ्या खिडकीत डोकावणार नाहीत.