कूलरसमोरची खीर

यशोधरा ढोके यांच्याविषयी काहीतरी लिहून द्या, असं विहाराच्या मुलांनी मला सांगितलं. मी म्हटलं, मला त्यांची फारशी माहिती नाही. मुलांना वाटलं मी टाळतो आहे. पण ते खरंच आहे. त्यांचं गाव नागपूरकडचं, एवढंच ठाऊक. कोणतं ते मी कधी विचारलं नाही. इथं जबलपुरात, गोरखपूर भागातल्या एका बँकेत त्या अधिकारी होत्या. घरी एकट्या राहत. का, तेही विचारलं नाही. कितीतरी रविवार आम्ही एकाच हॉलमध्ये काढले, पण मी भिंतीजवळ खुर्चीवर आणि त्या खाली सतरंजीवर, मुलांच्या घोळक्यात. तेव्हा इथं काही चुकलं असेल तर जास्त माहिती असणाऱ्यांनी दुरुस्त करून घ्यावं.

जबलपूरच्याच गढा भागातल्या आमच्या बुद्धविहाराची किल्ली माझ्याकडे असते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर समितीनं ती मला दिली, कारण मी घरीच असतो आणि कुणाशी भांडत नाही. एक दिवस बाई दारात आल्या आणि रविवारी सकाळी हॉल मिळेल का, असं विचारलं.

"कशासाठी?" मी म्हटलं.

"आपल्या पोरांसाठी."

"ट्यूशन घेता का?"

"नाही जी. पोरं काहीतरी करतील. मी पाहीन."

मला काही समजलं नाही. समजलं नाही हे सांगायला संकोच वाटला, म्हणून मी किल्ली दिली.

पहिल्या रविवारी त्यांनी बंद पडलेला मिक्सर आणला आणि मुलांसमोर ठेवला. मुलांनी तो खोलला. पुन्हा जोडता आला नाही, तर त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी बघू." उन्हाळा सुरू झाल्यावर पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या आणल्या. एकीला मुलांनी ओला मोजा घातला, दुसरीला कोरडा, आणि दोन्ही खिडकीत ठेवल्या. दर थोड्या वेळानं जो तो उठायचा आणि बाटल्यांना गाल लावून यायचा. ओल्या मोज्यातली बाटली गार झाली तेव्हा मुलं नाचली. कशी झाली, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. वारा बंद केला तर होईल का? करून पाहा." पुढचे दोन रविवार त्यातच गेले.

त्यांचा एकच नियम होता: जे करायचं ते आधी छोट्यात करून पाहायचं. उत्तर त्या कधी देत नसत. कधी कधी तर सरळ म्हणायच्या, "मला पण नाही माहीत." मुलांपुढं असं म्हणणारा मोठा माणूस मी पाहिला नव्हता. आमच्या वेळचे मास्तर तर माहीत नसलं की छडी काढायचे.

आमचे अध्यक्ष गुणवंतराव रंगारी यांना हे पटत नव्हतं. माणूस वाईट नाही. विहाराची एकेक वीट त्यांनी उन्हात उभं राहून रचून घेतली आहे. त्यांच्याकडे पालक तक्रार घेऊन जायचे. एकदा ते रविवारी स्वतः आले, खिडकीतल्या बाटल्या पाहिल्या आणि मला म्हणाले, "मोतीरामभाऊ, हे काय करून राहिले हे लोक? बाटलीला मोजे? सर्दी झाली का तिला?"

बाई हसल्या. "भाऊ, गाल लावून तर पाहा."

गुणवंतरावांनी गाल लावला नाही. ते म्हणाले, "बाई, मार्क पाहिजेत पोरांना. एक कोचिंगवाले सर तयार आहेत, रविवारीच. मी त्यांना हॉल देऊन राहिलो."

बाईंचा चेहरा उतरला. एवढा वेळ हसणाऱ्या बाई अशा दिसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, बुद्धपौर्णिमेची खीर या पोरांना करू द्या. सगळ्या समाजासमोर. भट्टीवरून पातेलं उतरवायला मोठी माणसं ठेवू, बाकी सगळं पोरं करतील. नाही जमलं तर मी स्वतः किल्ली परत करते."

"आचाऱ्याला नाही सांगायचं?"

"नाही."

"अच्छा. मग ठरलं," गुणवंतराव म्हणाले. "पण बिघडली तर रडायचं नाही."

मुलांनी घरी वाट्या-वाट्यांनी खीर करून पाहिली. एका माणसाला किती तांदूळ, किती दूध, किती साखर, हे ठरवायला त्यांना बरेच दिवस लागले. बाई सगळ्या वाट्यांमधली खीर खायच्या, करपलेलीसुद्धा.

पौर्णिमेच्या सकाळी मझौलीहून मोहन भैया आले. त्यांची तिकडे शेती आहे. त्यांनी खांद्यावरून गुळाची मोठी ढेप उतरवली आणि हात जोडले. "घरचा आहे. यंदा विहाराची खीर याचीच झाली पाहिजे. साखर नको."

गुणवंतरावांनी ढेपेला हात लावून नमस्कार केला. "याचीच होईल. तुमचा मान आहे."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांची सगळी तयारी साखरेची. शिवांगी सगळ्यांत मोठी, नववीतली. ती हळूच म्हणाली, "आंटी, गुड़ तो हमने किया ही नहीं."

"मग?" बाई म्हणाल्या.

"छोट्यात करून पाहू," ललित म्हणाला. मराठी बोलताना तो नेहमी अडखळतो, पण हे वाक्य त्याला पाठ झालं होतं.

मागच्या अंगणात भट्टीवर मोठ्या पातेल्यात दूध उकळत होतं, तांदूळ शिजत आले होते. त्यातलं थोडं त्यांनी छोट्या पातेलीत घेतलं, बाजूच्या शेगडीवर ठेवलं आणि उकळत्या दुधात गूळ टाकला. सगळे वाकून पाहत होते. आधी रंग छान बदामी आला. मग कडेनं पाणी सुटलं आणि मध्ये दाणे दाणे दिसायला लागले.

"फट गया!" ललित ओरडला. "आंटी, दूध फट गया!"

गुणवंतराव धावत आले. हॉलमध्ये वंदना सुरू व्हायची होती, लोक येत होते. त्यांनी पातेलीत पाहिलं. "झालं? आता हे मोठ्यात झालं असतं तर? मोहनचा गूळ आणि सगळ्यांचं दूध, दोन्ही नालीत! बोलावतो मी आचाऱ्याला." आणि बाईंकडे वळून म्हणाले, "आता काहून गप्प बसल्या? सांगा ना त्यांना काहीतरी!"

बाई पायरीवर बसल्या होत्या. हात मांडीत घट्ट धरलेले होते.

मला मात्र माहीत होतं. माझी बायको कुसुम दर पौर्णिमेला गुळाची खीर करायची. ती पातेलं खाली उतरवून निवू द्यायची आणि मगच गूळ घालायची. मध्ये कुणी घाई केली तर डाव उगारायची. मी खुर्चीवरून उठलो. चार लोकांत मी सहसा बोलत नाही, पण त्या वेळी तोंड उघडलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तळहात वर केला. थांबा, म्हणून.

मी बसलो. मला थोडं वाईटही वाटलं. यांचा वर्ग जातो आहे, मी मदत करतो आहे, आणि या मलाच थांबवतात.

शिवांगी गुणवंतरावांना म्हणाली, "अंकल, बस थोडा टाइम. मोठं पातेलं अजून चांगलं आहे ना." ते बरोबर होतं. मोठ्या पातेल्याला काहीच झालं नव्हतं. गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं, कपाळ पुसलं आणि "वंदना होईपर्यंत," असं म्हणून आत गेले.

मग मुलांनी वाट्या मांडल्या आणि मोठ्या पातेल्यातलं उकळतं दूध त्यांत घेतलं. एका वाटीत गूळ अगदी कमी घातला. दूध तरीही फाटलं. एकानं खायचा सोडा टाकला. फाटलं नाही, पण चव अशी की त्यानं स्वतःच थुंकून टाकलं आणि सगळे हसले. एक वाटी मात्र या गडबडीत कठड्यावर तशीच राहून गेली होती. ललितनं त्यात गूळ ढवळला. काही झालं नाही. त्यानं पुन्हा ढवळलं. शिवांगीनं वाटीला बोट लावलं आणि म्हणाली, "ये तो ठंडा है."

मग सगळेच एकदम बोलू लागले. बाई पायरीवरून उठल्या नाहीत, पण त्यांचे हात सुटले होते.

आता प्रश्न असा की वैशाखातल्या जबलपूरच्या उन्हात एवढं मोठं पातेलं निवायचं कसं? वंदना तर सुरू झाली होती. मोठ्या माणसांनी पातेलं भट्टीवरून उतरवलं. मुलांमध्ये कुजबुज झाली आणि ललित माझ्याकडे आला. "आजोबा, बोरा है क्या?" मी कोठी उघडून पोती काढून दिली. त्यांनी पोती भिजवून पातेल्याला गुंडाळली. बाटलीचा मोजा, फक्त मोठा. आणि मग वारा पाहिजे म्हणून ती मुलं हॉलमध्ये शिरली. विहारात एकच कूलर आहे, तो पाहुण्यांच्या बाजूला लावलेला असतो. वंदना संपता संपता मुलांनी तो ओढत ओढत मागच्या दारात नेला आणि त्याचं तोंड अंगणातल्या पातेल्याकडे फिरवलं. पाहुणे घामानं निथळू लागले. पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाप्पा, आमची हवा कोणी नेली?"

गुणवंतराव माइकपाशी उभे होते. मागं पाहिलं तेव्हा त्यांना सगळं दिसलं: पोतं गुंडाळलेलं पातेलं, त्याच्याकडे तोंड करून चाललेला कूलर, आणि पातेल्याला गाल लावून पाहणारी मुलं. ते घसा खाकरून म्हणाले, "भोजनाला थोडा वेळ लागेल. आपला कूलर आज खिरीला दिला आहे." हॉलमध्ये हशा पिकला.

खीर उशिराच झाली. तांदूळ थोडा जास्त मऊ झाला होता. पण दूध फाटलं नाही, आणि गुळाचा वास अंगणभर होता. मोहन भैयांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. गुणवंतरावांनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली, मग म्हणाले, "उशीर झाला तो झालाच." मुलं हिरमुसली. पण निघताना ते माझ्याजवळ थांबले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रविवारची किल्ली बाईंनाच देत जा. कोचिंगवाल्यांना संध्याकाळची वेळ सांगतो मी."

सगळे गेल्यावर बाई भांडी मोजून ठेवत होत्या. मी धीर करून विचारलं, "बाई, गरम दुधात गूळ घालायचा नसतो, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"नाही जी. मला कुठं येते खीर? मी चहा पण बरा नाही करत."

"मग मला काहून थांबवलं? वर्ग गेला असता ना तुमचा."

"तुमचं तोंड पाहिलं ना मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं. म्हणजे उत्तर कुठं तरी होतं. मग म्हटलं, पोरांना सापडेल." आणि भांडं पुसता पुसता म्हणाल्या, "भीती तर वाटली. लय वाटली."

आमचं एवढं मोठं बोलणं पुन्हा कधी झालं नाही. वर्ग चालू राहिला. तो मिक्सरही एकदाचा जुळला. फिरतो, पण आवाज फार करतो. पावसाळा संपता संपता बाई थकल्यासारख्या दिसायला लागल्या. मी विचारलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या नागपूरला बहिणीकडे उपचारासाठी गेल्या आणि तिथंच वारल्या. आजार काय होता, ते मला शिवांगीच्या आईकडून कळलं. आता रविवारी शिवांगी किल्ली न्यायला येते.

बाई नागपूरला जाण्याच्या आधीच्या रविवारी मी हॉलला कुलूप लावत होतो. मुलं बाहेर चपला शोधत होती. बाई पायरी उतरल्या आणि परत वळल्या.

"मोतीरामजी, कूलरमधलं पाणी काढलं का? सीझन संपला."

"उद्या काढतो."

"उद्या नको, डास होतील. आत्ताच काढून टाका. पोरं बसतात तं इथं."

"बरं," मी म्हटलं आणि कुलूप पुन्हा उघडलं.