पन्नास टॅब, एक बटण

बोथ गावातल्या एका ऑनलाइन सेंटरमध्ये मी तेव्हा कामाला होते. आमचा शेठ प्रत्येक शेतकऱ्याच्या पहाणीचा, म्हणजे सातबाऱ्याचा, टॅब उघडाच ठेवायचा. माणूस कागद घेऊन गेल्याशिवाय तो बंद करायचा नाही. पन्नास टॅब झाले की वरची नावंही दिसायची नाहीत. एकदा जागा करायला त्यानं नेमका माझा टॅब बंद केला. त्यात माझा नोकरीचा अर्ज अर्धा भरलेला होता आणि ती शेवटची तारीख होती.

"पुन्हा भर ना, काय जाते तुयं?" शेठ म्हणाला.

दुपारी अर्जाची साइट बंद पडली ती पडलीच, अर्ज राहिला.

मी सोमवारी त्याच्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन टाकलं. त्याचं बटण एकदा दाबलं की सगळे टॅब गुंडाळून आत जातात, पुन्हा दाबलं की जसेच्या तसे परत येतात. शेठ चहा पिऊन आला तर स्क्रीन कोरी. बाकावर माणसं खोळंबलेली.

"माये टॅब कुठं गेले?"

"पुन्हा उघडा ना शेठ, काय जाते तुमचं?"

दिवसभर तो एकेकाला सर्व्हे नंबर विचारत बसला. बटण त्याच्या नाकासमोर होतं. नोकरी सोडली त्या दिवशीही मी ते दाखवलं नाही.