आईच्या मानेची डॉप्लर

गोव्यात मये गावातल्या आमच्या घरात आईचं तोंड पहाटे पाचला सुरू होतं. आधी देव, मग गॅसची शेगडी, मग मी. साडेसहाला पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला की त्याची पाळी. उंडे, म्हणजे त्याचे गोल पाव, दिवसेंदिवस लहान होत चाललेत, हे ती त्याला रोज सुनावते आणि रोज त्याच्याकडूनच घेते.

गेल्या वर्षी एका सकाळी ती उंडे घेऊन मुकाट्याने आत आली. मी चहा गाळत होते. खरं सांगते, मला बरंच वाटलं. एवढ्यात पोदेर सायकल लावून परत दारात आला.

"बाय, आवय आज झगडूंक ना," तो म्हणाला. आई भांडली नाही, हे त्याला खटकलं होतं. "पळय गो तिका."

मी वळले. आई खुर्चीत बसली होती, पिशवी मांडीवर. "काय झालं गे?" तिने तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. उंड्याकडे बोट दाखवून ती "कोयती" म्हणाली आणि स्वतःच दचकली. उजवा हात लुळा होऊन मांडीवरून घसरला.

पोदेरानेच धावत जाऊन रिक्षा आणली. डिचोलीचं इस्पितळ यायच्या आधीच आईला वाचा फुटली. पहिलं वाक्य, "गॅस बंद केलास?" मी रडायला लागले, तर म्हणाली, "म्हणजे नाय केलास."

इस्पितळात तिला दोन दिवस ठेवून घेतलं. मेंदूला जाणारं रक्त थोडा वेळ अडलं असावं, असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मानेतल्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी सांगितली.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. आईच्या मानेला थंड जेल लावत ती म्हणाली, "मावशी, आता थोडा वेळ बोलायचं नाही हं. बोललात की मान हलते, चित्र बिघडतं."

"बरं. पण तू खंयची गो?"

"पेडण्याची. आता गप्प."

पेडणं म्हणजे आईचं माहेर! तिने ओठ मिटले, पण माझा हात असा आवळला की प्रत्येक न विचारलेला प्रश्न माझ्या बोटांना कळत होता.

मग यंत्रातून आवाज यायला लागला. हुश्श, हुश्श, हुश्श. आईने डोळे विस्फारले. "मी गप्प आहे, मग हे कोण बोलतंय?"

"तुमचंच रक्त, मावशी," डॉक्टर हसली. "हे यंत्र कानाला ऐकू न येणारा आवाज आत पाठवतं. तो धावत्या रक्तावर आपटून परत येतो, तेव्हा त्याचा सूर बदललेला असतो. त्यावरून रक्त कुठे, किती वेगाने चाललंय ते कळतं."

डाव्या बाजूला एका जागी तो हुश्श एकदम चिरका झाला. डॉक्टर तिथेच थांबली.

"इथे वाट जरा अरुंद झालीय. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कसं जोरात उडतं, तसं."

"माडांना पाणी घालताना!" आई उठूनच बसायला निघाली.

"मावशी!"

त्या रक्तवाहिनीत आतून चरबीचा थर होता, पण अर्ध्याहून कमी वाट अडली होती. ऑपरेशन नको, रोज गोळ्या, मीठ कमी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. हे सगळं मी ऐकून घेतलं. आई जेल पुसता पुसता "पेडण्यात खंय?" इथपासून सुरू झाली होती. डॉक्टरची आजी आणि माझी आजी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, हे निघेपर्यंत बाहेरच्या नर्सने दोनदा दार उघडून पाहिलं.

सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. थर वाढला नव्हता. आईने पिशवीतून बरणी काढली. डॉक्टरसाठी घरचं आंब्याचं लोणचं.

डॉक्टरने बरणी उजेडात धरली. "मावशी, एवढं मीठ! तुम्ही नाही ना खात हे?"

"मी? छे गो! मी फक्त वास घेते."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघत राहिले.